बाग ताणावर आहे

परवा सकाळी दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ. कळंबला शेतावर राहतो आणि मोटारसायकलवरून लोणी देवकरला कंपनीत कामाला जातो. फोनवर पाल्हाळ लावण्याची त्याला सवय नाही. “ताई, कालपास्नं पानी बंद केलंय. बाग ताणावर हाय,” एवढं म्हणाला आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून त्यानं फोन ठेवलाही. मी बारामतीतल्या माझ्या स्वयंपाकघरात पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होते. पुढं ते पाणी मी प्याले की ओतून दिलं, मला आठवत नाही. कॉलेजात पोचले तेव्हा घसा कोरडा होता, त्यावरून काय तो अंदाज.

ज्यांच्या घरी डाळिंब नाही त्यांना हे थोडं सांगायला हवं. डाळिंबाचं झाड मोठं अडेलतट्टू. त्याचे लाड केले, वेळच्या वेळी पाणी पाजलं, तर ते नुसतं पानांनी माजतं आणि फुलायचं नाव घेत नाही. म्हणून दिवाळी झाली की आमच्याकडं ठिबकचा कॉक बंद करतात. महिना-दीड महिना झाडाला थेंब मिळत नाही. पानं पिवळी पडून गळतात, बाग उघडीबोडकी होते. मग छाटणी होते, बुडाशी शेणखत पडतं आणि एके दिवशी पहिलं पाणी सुटतं. झाडाला मरणाची चाहूल लागते म्हणून ते घाईघाईनं फुलतं, असं जाणती माणसं सांगतात. या सगळ्याला म्हणायचं ताण देणं, आणि त्या पहिल्या पाण्याला म्हणायचं ताण सोडणं. ताण कमी पडला तर कळी निघत नाही. जास्त झाला तर फांद्या वाळतात आणि झाड हातचं जातं. या दोहोंमधला दिवस नेमका कोणता, यातच सगळी मेख आहे.

गेल्या वर्षी तो दिवस आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. सांगणारी आमची आई होती. पाणी बंद करायला तिनं सांगितलं आणि त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

त्या हंगामाचं मला अजून नीट काही उमजलेलं नाही. बारावीच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं उत्तरं ठणकावून सांगायची जिभेला सवय आहे. पण हा हंगाम आठवायला बसले की सगळं उलटसुलट होतं. आधीचं नंतर येतं. हसू आलेल्या जागा रडण्याच्या आधी येतात, आणि रडायला हवं होतं तिथं मी चहाचे कप विसळत असते.

आमची चौदा वर्षांची बाग आई-आबांनी लावलेली. कामं आबा करायचे, पण निकाल आईचा. आबा बांधावर उभे राहून हाक द्यायचे, “ऐकलं का! सोडू का पानी?” आई भाकऱ्या टाकून यायची. पदराला हात पुसत चार-दोन झाडांपाशी थांबायची, एखादी काडी नखानं खरवडायची, आतला हिरवा रंग बघायची आणि म्हणायची, “अजून आठ दिस.” किंवा म्हणायची, “उद्या.” आबांनी कधी तिला का म्हणून विचारलं नाही. आम्हीही नाही. उद्या म्हणजे उद्या.

आता दवाखान्याचं सांगते, कारण ते न सांगता पुढं जाता येणार नाही. आईचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. बारामतीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसभरात एवढंच, त्यावर घोटही नाही. ते बरोबरच होतं. मी स्वतः आबांना कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं होतं, जास्तीचं पाणी फुप्फुसात कसं उतरतं ते. आबांनी चित्राकडं पाहून मान डोलावली होती.

एका दुपारी आई आबांना म्हणाली, “लई तान लागलीया वो. घोटभर द्या की.” आबांनी बाटली हातात घेतली आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “आबा, देऊ नका. डॉक्टर नाही म्हणालेत.” आबांनी बाटली खाली ठेवली, कॉटच्या आड, तिला दिसणार नाही अशी. मी कापसाचा बोळा भिजवून तिचे ओठ पुसले. तर आई हसली. म्हणाली, “मला बी बागंसारखं तानावर ठिवलंय व्हय गं?” आम्ही तिघंही हसलो. खरोखर हसलो, शेजारच्या कॉटवरची बाईसुद्धा हसली. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारच्या वेळी आई गेली.

इथं एक गोष्ट मध्येच सांगते. आबांच्या तोंडात ‘ण’ नाही. आईच्याही नव्हता. त्यामुळं बागेचा ताण त्यांच्या बोलण्यात तान होतो, आणि तहान तर आमच्याकडं सगळ्यांचीच तान असते. लहानपणी मला हे दोन शब्द वेगळे आहेत हेच ठाऊक नव्हतं. शाळेत शुद्धलेखनाच्या बाई लाल पेनानं गोल करायच्या, तेव्हा कळलं. बारामतीत राहून माझी भाषा धुतली गेली, ण ठणठणीत झाला. पण आई गेल्यापासून आबा “अजून तान हाय” म्हणाले की मला कळत नाही ते कशाबद्दल बोलतात. आणि विचारायचा धीर होत नाही.

दहावा झाला, तेरावा झाला. पाहुण्यांनी दुखवट्याची टॉवेल-टोपी आणली. आबांनी टोपी डोक्यावर घेतली आणि तसेच बसून राहिले. आत्या गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मनात कप मोजत होते, कारण चहा सगळ्यांना पुरेल की नाही याची मला काळजी लागली होती. बायका आपसात कुजबुजल्या, शिकलेल्या मुली अशाच असतात. मलाही वाटलं, खरंच अशाच असतात की काय.

रडू आलं ते तिसऱ्या आठवड्यात, एसटीत. कळंबहून बारामतीला येताना गेली दोन वर्षं मी आईला डोळे दाखवायला, हृदय दाखवायला घेऊन येत असे. त्या दिवशी कंडक्टरनं ओळखीच्या नजरेनं पाहिलं आणि तिकीट फाडता फाडता विचारलं, “आज एकच का, मॅडम?” मी “हो, एकच,” म्हणाले, तिकीट पर्समध्ये ठेवलं, चेन लावली, आणि मग जी सुरुवात झाली ती भवानीनगर येईपर्यंत थांबली नाही. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, कारखान्याचा गोडसर आंबूस वास बसमध्ये भरला होता. शेजारच्या बाईनं मला खारे दाणे दिले. मी ते रडत रडत खाल्लेही. दुःखात भूक लागते की भुकेत दुःख, हे कुठल्या पुस्तकात पाहायचं?

पुस्तकं तर घरी भरपूर होती. त्याच हंगामात कॉलेजच्या विज्ञान मंडळापुढं माझं भाषण होतं. विषय माझाच, आई चालतीफिरती असताना हौसेनं निवडलेला: माणूस म्हातारा का होतो? नाही म्हणता आलं असतं. पण मी तसं म्हणाले नाही. संध्याकाळी टिपणं काढत बसले की बरं वाटायचं, निदान एक प्रश्न तरी दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं.

कुणी म्हणतं, माणूस झिजतो. वापरलेलं अवजार झिजतं, त्यात काय विशेष! कुणी म्हणतं, गंजतो. ज्या प्राणवायूवर जगतो तोच आतून एकेक पेशी गंजवत नेतो. कुणी म्हणतं, पेशी दुभंगताना दर खेपेला गुणसूत्रांची टोकं थोडी आखूड होतात, आणि टोक संपलं की पेशी हात टेकते. आणखी कुणी जरा कठोर बोलतं. म्हणतं, पोरंबाळं मोठी झाली की निसर्गाला तुमची गरज उरत नाही, म्हणून तो डागडुजी सोडून देतो. हे वाचताना मी आबांना एकेका खणात बसवून पाहिलं. एकातही ते मावेनात. पंचाहत्तरीचा माणूस दिवाळीपर्यंत शिडी लावून पत्र्यावर चढत होता. आई गेली आणि पंधरवड्यात सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली, उंबरा ओलांडताना चौकटीला हात लागायला लागला. टोकं काय पंधरा दिवसांत आखूड होतात?

आणखी एक मत होतं, ते मी दोनदा वाचलं. थोडी उपासमार, थोडा ताण मिळाला तर शरीर उलट सावध होतं, डागडुजीला लागतं आणि जास्त टिकतं. आमच्या डाळिंबाचीच गोष्ट. पण थोडा म्हणजे किती? तिथं सगळी पुस्तकं मूग गिळून गप्प होती.

आबा जेवत नाहीत म्हणून एकदा त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं आणलं. तरुण डॉक्टर, स्वभावानं गोड. तपासून झाल्यावर त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “आबा, ताण घेऊ नका. ताणानं माणूस लवकर म्हातारा होतो.”

आबांनी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. “डाक्टरसायब, तान घ्यायचा नसतो. द्यायचा असतो.”

डॉक्टर गोंधळले. “कुणाला द्यायचा?”

“झाडास्नी. तुमच्याकडं बाग न्हाय वाटतं.”

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले, आई गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मग माझी मलाच लाज वाटली. परतताना आबा एसटीत पुटपुटत होते, “येवढा शिकलेला मानूस, पर बागंतलं कायबी म्हाईत न्हाय. त्याच्या गोळ्या खाऊ व्हय मी?” खाल्ल्या मात्र त्यांनी. नेमानं खाल्ल्या, आणि त्यासाठी पाणी किती प्यायचं हे दर वेळी मला फोन करून विचारलं. अर्धा पेला की पाऊण? मी म्हणायचे, “आबा, हवं तेवढं प्या.” 

इकडं बागेचे दिवस चालले होते. आमचं रान मुरमाड. असल्या हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, त्याला चाळीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. शेजारपाजारच्या बागांत पहिलं पाणी सुटलं. तिकडं फांद्यांवर लालसर कोंब दिसायला लागले. आमच्या बागेत काट्यांशिवाय काही दिसत नव्हतं. आबा सकाळी बांधावर बाजलं टाकून बसायचे ते उन्हं कलेपर्यंत. दत्ता विनवून थकला.

“आबा, आता सोडू या की पानी.”

“अजून तान बसला न्हाय.”

“लोकांनी सोडून आठ दिस झाले!”

“लोकांची जमीन येगळी.”

दत्तानं एके दिवशी परस्पर कॉक उघडायचं ठरवलं, तर कॉकची मूठच जागेवर नव्हती. आबांनी ती काढून बंडीच्या खिशात ठेवली होती. वडिलांच्या खिशात हात कसा घालणार? गावात बोलणं सुरू झालं, आबांनी बागेवर पाणी सोडलं म्हणून. पाणी सोडत नव्हते म्हणून लोक म्हणत होते पाणी सोडलं. आपल्या भाषेत हे चालतं. मला मात्र ते ऐकून संताप आला, आणि मग भीती वाटली. झाडं वाळली तर आईच्या हातचं होतं ते गेलं. आणि बाग गेल्यावर आबा किती दिवस काढतील, हे दत्ता आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो, पण दोघंही तेवढाच विचार करत होतो.

छाटणीला दर वर्षी इंदापूरहून सिकंदरभाई येतात, आपली टोळी घेऊन. आबांपेक्षा वयानं लहान, पण दोघांचं जमतं. त्यांनी बाग छाटून दिली, कात्र्या पुसल्या आणि आबांच्या बाजल्यावर येऊन टेकले. मी रविवारची गेले होते, तेव्हा दोघं तिथंच होते.

“आबा, आमच्यात चाळीसवा करत्यात,” सिकंदरभाई म्हणाले. “चाळीस दिस झालं की मानूस कामाला लागतो. आतून लागतो का न्हाय, त्ये कोन बघतंय? पर लागतो.”

आबांनी विचारलं, “मग झालं का चाळीस?”

सिकंदरभाईंनी बोटांची पेरं मोजली. “तुमच्या बागंचं झालं. वैनींचं व्हायला धा-अकरा दिस हायत अजून.”

आबांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मलाही वाटलं, चला, ठरलं, आईचा चाळिसावा दिवस उजाडला की पाणी सुटेल. तो दिवस उजाडला आणि मावळला. आबा बाजल्यावरच होते. सिकंदरभाईंनी फोन केला तर आबा म्हणाले, “त्ये तुमच्यातलं. आमच्यात त्येराव्याला संपतं समदं.” मग तेराव्याला का नाही संपलं, असं विचारायला कुणी धजलं नाही.

दुःखाबद्दलही लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. माणूस आधी मानतच नाही, मग चिडतो, मग देवाशी घासाघीस करतो, मग खचतो, मग स्वीकारतो, अशा पायऱ्या सांगतात. ते वाचून मी आबांना पहिल्या पायरीवर बसवलं. दत्ताला दुसऱ्या पायरीवर, कारण तो हल्ली भांडी आपटत होता. मग कळलं की पायऱ्या-बियऱ्या काही नसतात असंही म्हणणारे आहेत. माणूस आज इकडं असतो, उद्या तिकडं, परवा पुन्हा इकडं. हे मला जास्त बरं वाटलं, पण त्यानं बागेला पाणी कसं मिळणार? दत्ताला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुला आबांचं कळत न्हाय म्हनून तू पुस्तक वाचतीस. मला कळत न्हाय म्हनून मी कंपनीत जातो.”  आणि मी स्वतः कुठल्या पायरीवर आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर पाहायचं नव्हतं. बाटली कॉटच्या आड ठेवणारा आबांचा हात मला दिवसातून दहादा दिसत होता. मी तेव्हा बोलले ते शास्त्राप्रमाणं बरोबर होतं. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच बोलेन. पण ती दोनच दिवसांत जाणार होती. ती जाणारच होती, तर एक घोट दिला असता तर काय बिघडलं असतं? आणि दिला असता आणि त्याच रात्री गेली असती, तर मी काय म्हणाले असते? हा हिशेब मी कितीही वेळा मांडला तरी शेवटच्या ओळीला येऊन तुटायचा. भाषणाची टिपणं मात्र रोज नीटनेटकी होत होती.

पौषातली थंडी होती. सकाळी एमआयडीसीकडं जाणाऱ्या मोटारसायकलींवर माणसं कान बांधून चाललेली. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला होता, कुणी कुणी हुरड्याला बोलवत होतं. अशा एका दिवशी माझं भाषण झालं. चांगलं झालं म्हणे. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, “मॅडम, दुःखानं माणूस म्हातारा होतो, की म्हातारपणानं दुःख वाढतं?” मी म्हणाले, “फार चांगला प्रश्न आहे.” शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. टाळ्या झाल्या. मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभी राहिले आणि आबांना फोन लावला.

“जेवलात का?”

“व्हय.”

“काय जेवलात?”

 उत्तराऐवजी एक उसासा. त्या उसाशानं माझं काय झालं कुणास ठाऊक. तासभर झीज, गंज, टोकं, पेशी असं बोलून आले होते आणि माझा बाप कळंबला बाजल्यावर बसून उपाशी होता. मी ओरडलेच. “आबा, बास झालं! सोडा आता ताण. किती दिवस असं करणार?”

 पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर जात असल्याचा आवाज. मग आबा म्हणाले, “सोडू म्हनतीस?”

“हो, सोडा.”

“बरं.”

फोन बंद झाला. मला वाटलं, एवढं सोपं होतं! कुणी ठामपणे बोलत नव्हतं म्हणून अडलं होतं. डॉक्टरांचंच वाक्य मी जरा आवाज चढवून म्हणाले आणि आबांनी ऐकलं. स्टाफरूममध्ये जाऊन मी शांतपणे डबा खाल्ला.

संध्याकाळी दत्ताचा फोन. “ताई, तू आबांना काय सांगितलंस? दुपारी खिशातनं मूठ काढली, कॉकला लावली आन पानी सोडलं. मला म्हनले, ताईनं सोड म्हनून सांगितलंय.”

 मी मनाच्या ताणाबद्दल बोलले होते. बागेचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता, अगदी शपथेवर सांगते. असला घोटाळा आमच्या घरातच होऊ शकतो. दत्ता आनंदानं बोलत राहिला आणि मी “हो, हो” करत राहिले.

रविवारी गेले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी काळं ओलं वर्तुळ होतं. आबांच्या वहाणांना चिखल होता आणि ते फावडं घेऊन पाटाकडेचं गवत काढत होते. भाकरी दीड खाल्ली असं दत्ता म्हणाला. मी आबांना खरं सांगायचं म्हणून गेले होते. सांगितलं नाही. चांगलं चाललंय ते कशाला उकरा, असं म्हणून परत आले.

बागेचं काय झालं म्हणाल, तर तेही धड सांगता येत नाही. पंधरा-वीस झाडं उठलीच नाहीत, ती काढून टाकावी लागली. बाकीची अशी फुलली की फांदी दिसेना. दत्ता म्हणतो, पाणी उशिरा सुटलं म्हणून झाडं गेली. सिकंदरभाई म्हणतात, पाणी उशिरा सुटलं म्हणूनच एवढी कळी लागली, असली कळी त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. दोघंही जाणकार. मी दोघांनाही होकार देते.

आणि यंदा आबांनी नवंच काढलंय. पाणी बंद करायच्या आधी मला निरोप धाडला की सोडायचं कधी ते ताईच सांगेल. मी फोन करून म्हणाले, “आबा, मला बागेतलं काय कळतं?” तर म्हणाले, “तुझ्या आयला तरी पयल्या वर्साला कुठं कळत हुतं?” म्हणजे माझी आता नेमणूक झाली आहे. काडी नखानं कशी खरवडतात, हिरवं किती हिरवं असावं लागतं, मी दत्ताला विचारून घेते आहे.

पण खरी गोष्ट गेल्या हंगामातल्या फाल्गुनातली आहे. ती मी अजून दत्तालाही सांगितलेली नाही.

बाग फुलली होती. डाळिंबाची नर फुलं फळ न धरता गळतात, ती बुडाशी लालेलाल पडली होती. आबा दाट फांद्यांतली जास्तीची कळी खुडत होते आणि मी मागं मागं टोपली धरून चालले होते. माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, “आबा, त्या दिवशी फोनवर मी बागेचं बोलत नव्हते.”

आबा खुडत राहिले. “म्हाईत हाय.”

“म्हणजे?”

“तुला बागंतलं काय कळतंय? तू माझंच म्हनत हुतीस.”

“मग पाणी का सोडलंत?”

ते थांबले. हातातली कळी टोपलीत टाकली. माझ्याकडं न बघता बोलले, अगदी साध्या आवाजात, ज्या आवाजात ते खताच्या गोण्या किती आल्या ते सांगतात.

“दवाखान्यात तिनं पानी मागितलं. तू नको म्हनलीस. तू शिकलेली, तुझं खरंच आसंल. पर बाटली माझ्या हातात हुती. त्येच हातानं कॉक उघडायला गेलो, तर हात जाईना. रोज जायचो, रोज म्हागारी यायचो. दत्ता सोडा म्हनला, सिकंदर सोडा म्हनला. त्येंच्या म्हनन्यानं काय व्हतंय? नको म्हननारी तू हुतीस. मग सोडा बी तूच म्हनायला पायजे हुतं. म्हनलीस. कशापायी म्हनलीस, त्येचं मला काय करायचंय?”

मी टोपली खाली ठेवली. तिथंच, फुलांच्या सड्यात, बसले आणि रडले, कॉलेजातल्या बाई आहोत हे विसरून, नाक गळेपर्यंत. आबा शेजारी उभे राहिले. पाठीवरून हात वगैरे त्यांनी फिरवला नाही, ते त्यांना जमत नाही. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “आबा, तेव्हा मी नको म्हणाले, ते माझं चुकलं का?”

आबांनी आणखी एक कळी खुडली. मला वाटलं ते नाही म्हणतील. बाप असंच म्हणतो. नाहीतर व्हय म्हणतील, आणि मग मी काय ते सोसेन.

“मला न्हाय कळत गं,” ते म्हणाले. “तुला कळलं तर मला बी सांग.”

अजून मी त्यांना काही सांगितलेलं नाही.